दोराचं मागचं टोक

"‘तारले’ लिहू की ‘झेलले’?" देवव्रत जोगळेकरने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पोह्यांवरचं खोबरं आधी वेचून खाल्लं. "चंद्रप्रकाश म्हणतो, ‘तारले’ भारदस्त वाटतं. पण मला झेललंच ना. तारतात पाण्यातून."

तो मुलुंडला मधुकर पाटकरच्या घरी, मधुकरच्याच खुर्चीत बसला होता. समोर टीपॉयवर संगमरवरी पाटीचा मजकूर होता. येत्या रविवारी टेकडीखालच्या श्रीबुटकेश्वराच्या नव्या देवळात मूर्ती बसायची होती. देऊळ देवव्रतने बांधून दिलं होतं, तेव्हा पाटीवर कोणाला तारायचं आणि कोणाला झेलायचं हे ठरवण्याचा हक्क त्याचाच होता. उमेदीची वर्षं त्याने कडे चढण्यात घालवली आणि पुढे अंधेरीला लिफ्ट बसवण्याची कंपनी काढली. यात विसंगती आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

मधुकरच्या बायकोने, वसुधाने, कागद उचलून वाचला. ‘भक्त देवव्रत जोगळेकर हे चाळीस फुटांवरून पडत असता श्रींनी त्यांना अधांतरी झेलले.’ तिने कागद उलटा करून मागेही बघितलं.

"यात ह्यांचं नाव कुठंय?"

देवव्रत म्हणाला की मध्या तर घरचाच आहे. त्यावर वसुधाने नवऱ्याचे दोन्ही हात धरले आणि टीपॉयवर, पोह्यांच्या बशीशेजारी उताणे ठेवले. दोन्ही तळव्यांवर आडवे, चकचकीत, बोटभर रुंदीचे वण होते.

"मग हे कशाचे, भावोजी? इस्त्रीचे?"

देवव्रतने त्या हातांकडे बघितलं आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीचं स्वयंपाकघर होतं. मग तो, बघू, वहिनी, म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून गेला.

मधुकरने हात उचलले आणि अर्धा कप आत नेऊन ठेवला. तो पाणीखात्यात चौतीस वर्षं कारकून होता. ‘वरिष्ठांच्या अवलोकनार्थ सादर’ लिहून कागद वर पाठवायचा. गिर्यारोहणातही त्याने तेच केलं. क्लबात चढणारे असतात आणि चढाईबद्दल सांगणारे असतात. मधुकर तिसऱ्या जातीचा, खाली उभा राहून दोर धरणारा. याला बिले देणं म्हणतात. वरच्याच्या कमरेला बांधलेला दोर खालच्याच्या कमरेभोवतून आणि हातांतून जातो. वरचा पडला तर खालच्याने तो घट्ट धरायचा, एवढंच काम. क्लबच्या अहवालात कोण पुढे चढला, कोण मागून चढला आणि तिखटमिठाच्या पुऱ्या कोणाच्या घरून आल्या हे छापून येतं. दोर कोणी धरला हे येत नाही. मधुकरला त्याचं काही नव्हतं. त्याच्याकडे ते दोन वण होते.

ती गोष्ट मुलुंडमध्ये सगळ्यांना माहीत होती. टेकडीच्या पायथ्याशी, कोणाच्या हद्दीत आहे ते कोणालाच नक्की माहीत नसलेला एक खडक आहे. क्लबच्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं बुटक्या. एकोणनव्वद सालच्या डिसेंबरात बुटक्याच्या माथ्यापाशी देवव्रतचा पाय सटकला, खडकात ठोकलेला खिळा निसटला आणि तो खाली आला. तळहात जळाले तरी मधुकरने दोर सोडला नाही. जमिनीपासून हातभर उंचीवर देवव्रत थांबला. त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

या हातांवर मधुकरचं लग्न झालं. वसुधाच्या वडिलांनी पत्रिका बाजूला ठेवून तळवे बघितले होते. परक्याचा जीव असा धरून ठेवणारा मुलगा आपल्या मुलीला सोडणार नाही, असं त्यांचं गणित. या हातांवर कचेरीत मान होता. दर वर्षी क्लबच्या नव्या पोरांपुढे हे हात पसरून मधुकर सांगायचा, जीव गेला तरी सोडायचा नाही. पोरं हळूच बोट लावून बघत.

आता खरं काय झालं ते. मधुकरने हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं, तेव्हा वाचकांनीही आपल्यापाशीच ठेवावं.

मधुकरने दोर सोडला होता.

हात सुटले नव्हते, उघडले होते. यातला फरक ज्याचे हात असतात त्यालाच कळतो. दोर सणसणत निघाला, जळल्याचा वास आला, आणि मधुकरने दोन्ही हात उघडले. ते त्याच्या डोळ्यांसमोर होते, रिकामे. आणि दोर थांबला. त्याने मान वळवून बघितलं. मागे जमिनीवर वेटोळी पडलेली असायला हवी होती. तिथे दोर कमरेच्या उंचीवर ताठ होता. करवंदीच्या जाळीच्या दोन पावलं अलीकडे तो हवेत वळला होता, एखाद्याच्या कमरेभोवतून वळावा तसा. तिथे कोणी नव्हतं.

मग तो दोर सरकू लागला. सावकाश, बोटभर, पुन्हा बोटभर. देवव्रतचे पाय जमिनीला टेकेपर्यंत.

पुढे मधुकरने स्वतःला हजारदा सांगून बघितलं की दोर कुठेतरी अडकला असणार. पण अडकलेला दोर माणसाला थांबवतो. सांभाळून खाली ठेवत नाही. लोक धावत आले तोवर त्याने सवयीने दोर पुन्हा धरला होता. भाजलेले तळवे बघून बाकीची गोष्ट लोकांनीच रचली. मधुकरने नाही म्हटलं नाही, इतकाच त्याचा हातभार.

त्यानंतर त्याने दोर धरणं सोडायला हवं होतं. झालं उलटंच. आपल्या हातांवर त्याचा आता विश्वास नव्हता, पण मागच्यावर बसला होता. लोक त्याच्या भरवशावर चढायचे, तो मागच्याच्या. मागे वळून मात्र त्याने परत कधी बघितलं नाही. मानेवर कधीकधी श्वास लागायचा, डिसेंबरातही कोमट. चढाई संपली की मागचा दोर नीट गुंडाळलेला मिळायचा. एकदा गंधाली नावाची क्लबातली मुलगी वरून उतरली आणि पाणी पितापिता म्हणाली,

"काका, ते दुसरे काका गेले?"

"कोणते गं?"

"तुमच्या मागे दोर धरून उभे होते ना, ते."

मधुकरने बाटलीचं झाकण लावलं. "गेले असतील. इथेच राहतात."

त्या रात्री तो जेवला नाही. पुढच्या रविवारी मात्र वेळेवर हजर होता.

बुटक्याचा बुटकेश्वर व्हायला क्लबच कारण झाला. चढण्याआधी खडकाला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, ही त्यांची पद्धत. देव मानता का, असं कोणी विचारलं तर सगळे हसायचे आणि नारळ भुकेसाठी आहे म्हणायचे. पण पस्तीस वर्षं दर रविवारी कुंकू लागलेल्या खडकाला हे कसं समजावं? आधी कोणीतरी हार घातला. मग उदबत्तीचं घर आलं, फरशी आली, मांडवाचा धंदा असलेला चंद्रप्रकाश सेक्रेटरी झाला आणि पाटी लागली: पादत्राणे काढावीत, देवावर चढू नये. क्लबची पोरं हळहळली. मग त्यांनीही चपला काढल्या. अशात देवव्रतची बायपास झाली आणि तो बुटकेश्वराला गाभारा बांधून द्यायला निघाला.

शनिवारी मधुकरने वसुधाला सांगायचं ठरवलं. ती दुसऱ्या दिवशीची साडी इस्त्री करत होती. चंद्रप्रकाशला तिने फोनवर बजावलं होतं की पाटीवर ‘मधुकर पाटकर यांच्या हस्ते’ एवढं तरी आलंच पाहिजे, नाहीतर ती सगळ्यांसमोर बोलेल.

तो म्हणाला, नावाचं राहू दे. त्या दिवशी नेमकं काय झालं ते…

"तुम्ही गप्प बसा हो. धरून ठेवलेलं हातचं सोडून द्यायचं, हा तुमचा स्वभावच."

 तिच्या या वाक्यात खोडून काढण्यासारखं मधुकरला काही सापडेना.

रविवारी सकाळी बुटकेश्वरापाशी शंभरेक माणसं जमली. भटजी आले, लाउडस्पीकर खरखरला. खडकाच्या पोटाला चिकटून गुलाबी गाभारा उभा होता. पूजा झाली की उरलेल्या खडकाभोवती लोखंडी जाळी लागायची होती. आणि देवव्रत ट्रॅकपँट घालून आला. जाळी लागायच्या आत आपण एकदा वर जाणार, म्हणाला. समितीची पंचाईत झाली. देवावर चढू नये, ही पाटी देणगीदाराला लागू होते का, यावर चंद्रप्रकाशने तिथल्या तिथे बैठक घेतली. चढावं, पण बुटांशिवाय, असं ठरलं. चढाईचे बूट रबराचे असतात, हे गंधालीने सांगून बघितलं. ती पादत्राणेच ठरली.

गंधालीने मागून वर जाऊन माथ्यावरच्या कडीतून दोर खाली सोडला. आपलं बिलेचं यंत्र ती मधुकरला द्यायला लागली. ते लावलं की दोर आपोआप अडकतो. देवव्रत मध्ये पडला. नको, जुन्या पद्धतीनेच, मध्याच्या कमरेभोवती. वसुधा पहिल्या रांगेत येऊन उभी राहिली. पाटीवर नाही तर नाही, निदान शंभर माणसं बघणार होती.

मधुकरने दोर कमरेमागून घेतला. देवव्रत कमरेला गाठ मारत होता. दोघंच जवळ होते.

"देव्या, पाटीवर माझं नाव घालू नकोस."

"वहिनी जगू देतील मला?"

"मी दोर सोडला होता त्या दिवशी."

देवव्रतने गाठ ओढून बघितली. परत सोडली, परत मारली.

"माहितीये," तो म्हणाला.

लाउडस्पीकरवर कोणीतरी एक-दोन-तीन म्हणत होतं.

"पडताना माणूस खालीच बघतो रे. तुझे हात दिसले मला. दोन्ही. मोकळे."

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"काय बोलू? मला नुसतं तपासायला ठेवलं होतं, आणि हातांना पट्ट्या बांधून तू दवाखान्यात माझ्यासाठी डबा घेऊन आलास. तू सोडलास, असं म्हणायचं नव्हतं मला. तू धरलास, हे तोंडातून निघेना. मग उरलं कोण? देव मानावा लागला, यार. दुसरा इलाजच नव्हता."

मधुकरला वाटलं होतं की सांगितल्यावर पायाखालची जमीन जाईल. जमीन होती तिथेच होती. 

"माझ्यामागे कोण होतं?" त्याने विचारलं. "तुला दिसलं असेल."

 देवव्रतने एकेक पाऊल पोटरीवर घासून पुसलं, खडकाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाला, "धर."

तो चढू लागला. त्याचे बासष्ट वर्षांचे अनवाणी पाय खडकावर काही आठवत असल्यासारखे चाचपत होते. मधुकर दोर घेत राहिला. उजवा हात, डावा हात. गाभाऱ्यात मूर्ती बसवताना भटजींनी आवाज चढवला, घंटा वाजू लागली. चंद्रप्रकाशने हात केला आणि शंभर माणसांनी डोळे मिटून हात जोडले. वसुधाने जोडले नाहीत. ती दोराकडे बघत होती.

घंटा थांबली तेव्हा मधुकरला मानेशी काहीतरी वेगळं जाणवलं. आधी कळेना काय ते. मग कळलं की काहीच जाणवत नाहीये. सकाळचं साधं वारं होतं.

वर देवव्रत थांबला होता. त्याचा डावा पाय थरथरत होता, शिवणयंत्राच्या सुईसारखा.

"मध्या," त्याचा आवाज बारीक झाला होता. "दम गेला. वजन टाकतोय."

मधुकरने पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मागे वळून बघितलं. करवंदीची जाळी मांडवासाठी तोडली होती. मोकळी जमीन होती. दोराचं मागचं टोक धुळीत पडलं होतं आणि त्यावरून मुंग्या पलीकडे चालल्या होत्या. पुढे गाभाऱ्यात गर्दी उसळली होती. जो कोणी होता, त्याला आता बसायला जागा मिळाली होती.

"टाकू ना?" वरून विचारणा झाली.

मधुकर पुढे वळला. त्याने पाय फाकवले, दोर कमरेशी ओढून घेतला आणि हात मिटले.

"टाक."

वजन आलं. सगळंच्या सगळं. वणांवर दोर बसला, खांदे ओढले गेले, टाचा मातीत रुतल्या. देव्या केवढा जड आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.