आतल्या बाजूची कडी

मित्रांनो, तुमच्या घराच्या दाराला बाहेरून जी लागते ती माझी मोठी बहीण. मी आतून लागते. वीतभर लांबीची, लोखंडाची, सरकती कडी. मला तयार होऊन जेमतेम चार वर्षं झाली, म्हणजे लोखंडाच्या हिशेबाने मी लेकरूच. तरी मी जुनी झाले आहे. का, ते ऐका. गोष्ट गोड नाही, आणि मी ती गोड करून सांगणारही नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पत्रा कापला, वाकवला, भोकं पाडली, काळा रंग दिला आणि खोक्यात भरलं. आठवतं ते तालुक्याच्या गावचं, मोहाडीतलं हार्डवेअरचं दुकान. तिथे मी बिजागऱ्यांच्या शेजारी तारेला लटकून असायची. बाजाराच्या दिवशी लोक यायचे, मला सरकवून बघायचे आणि पुन्हा अडकवून ठेवायचे. मला वाटायचं, आपण एखाद्या न्हाणीघराला जाऊ, नाहीतर नव्या सुनेच्या खोलीला. कोणी निवांत झोपावं, कोणाला लाज राखून अंघोळ करता यावी, यासाठीच तर आमची जात असते.

मला घेतलं चंद्रकुमारने. करडी गावाच्या पुढे तळ्याकाठी एक गाव आहे, त्याचं नाव सांगत नाही, तिथला हा शेतकरी. धानाच्या चार बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि उरलेल्या वेळात सुतारकाम. हात असा साफ की त्याने केलेला जोड शोधून सापडत नसे. गावात एका संस्थेची शाळा होती, पाचवीपासून दहावीपर्यंत. त्याची धाकटी लेक रेणू नुकतीच तिथे पाचवीत गेली होती. विज्ञान शिकवणारे भूपेंद्र सर एक दिवस स्वतः त्याच्या घरी आले.

"चंद्रकुमारभाऊ, प्रयोगशाळेत माकडं घुसून राहिले जी. प्रयोग चालू असला का दार ढकलतात अन् काचा फोडतात. आतून एक कडी लावून देता काय?"

गुरुजी आपल्या दारात आले याचंच चंद्रकुमारला अप्रूप. दुसऱ्याच दिवशी तो मला घेऊन शाळेत गेला. प्रयोगशाळा म्हणजे मागच्या बाजूची एक अंधारी खोली, एक टेबल, चार काचेची भांडी आणि भिंतीवर हाडांच्या सापळ्याचा तक्ता. त्याने मला चार स्क्रूंनी दाराला बसवलं. सरांनी तीनदा सरकवून पाहिलं.

"आवाज करते थोडी," ते म्हणाले.

चंद्रकुमार घरी जाऊन वाटीत तेल घेऊन आला. ते बोटाने माझ्या अंगाला चोळलं, तशी मी मुकाट सरकू लागले. "हात आहे तुमचा," सर म्हणाले. चंद्रकुमारची छाती फुगली. मित्रांनो, माझीही फुगली. मूर्ख होते मी.

पुढची वर्षं मी राबले. सर मला सगळ्या वर्गासमोर कधी लावत नसत. शाळा सुटल्यावर 'ज्यादा तास' असायचा, आणि त्याला एकच मुलगी असायची. तेव्हा मी लागायची. आणि मित्रांनो, माकड मी त्या दाराशी एकदाही पाहिलं नाही. मोनू नावाची आठवीतली मुलगी त्या तासाला असायची. एका दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. घरच्यांनी सांगितलं, पोट दुखतं. पोट वर्षभर कसं दुखतं, असं एकाही मास्तराने विचारलं नाही. सर मात्र दर शिक्षकदिनाला शाल आणि नारळ घेत राहिले. गावातले लोक म्हणायचे, असा जीव लावणारा शिक्षक दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही.

रेणू सातवीत गेली आणि ज्यादा तासाला तिचं नाव लागलं. पहिल्या दिवशी ती वही छातीशी धरून आत आली. मला पाहून तिचा चेहरा खुलला. तिने माझ्यावर बोट ठेवलं.

"सर, हे माह्या बाबानं लावली."

"हो ना," सर हसून म्हणाले आणि त्यांनी मला सरकवलं.

त्या खोलीत काय झालं ते मी सांगणार नाही. ते रेणूचं आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या अंगाला तसा हात लावायचा नसतो, आणि त्याने लावला, एवढं तुम्हाला कळलं की पुरे. ती दाराकडे धावायची. तिची बोटं माझ्यापर्यंत पोचायची, आणि तेवढ्यात मागून तिचा हात ओढला जायचा. असं किती आठवडे चाललं ते मला माहीत आहे. मी मोजले आहेत, पण तो आकडा सांगायला माझी जीभ रेटत नाही.

एक दिवस तिने सांगितलं. आईला, गिरजाबाईला, बांधीत लाखोरीचं पीक उपटताना. हे मला पुढे त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. गिरजाबाईने हातातली लाखोरी तिथेच टाकली आणि त्याच मातीच्या पायांनी ती मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. कायदा असा आहे की अशी गोष्ट कानावर येताच पोलिसांना कळवायचं. मुख्याध्यापकांनी कळवलं संस्थेचे अध्यक्ष भैय्यालालजींना. त्यांनी घरच्या घरी समिती नेमली. ते स्वतः, मुख्याध्यापक आणि संस्थेच्या एक बाई, बेबीबाई. गुरुवारी खोली बघायची आणि पोरीला विचारायचं ठरलं.

बुधवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर भैय्यालालजींनी चंद्रकुमारला प्रयोगशाळेत बोलावलं. दोघेच होते. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. मी होतेच.

"चंद्रकुमार, पोरगी म्हणून राहिली का सर आतून कडी लावते. उद्या समितीले कडी दिसली तं तिचं खरं वाटन."

"पण कडी तं आहे ना जी."

"आहे म्हणूनच तं बलावलो. काढून टाक. भोकं बुजव." मग त्यांनी विचारलं, "रीनाचं लग्न कितीक दिवसावर आलं?"

"सतरा दिवस."

"माहा भाचा लाखात एक पोरगा आहे. त्याच्या घरी हे कळलं, का होणाऱ्या साळीचं असं झालं म्हणून, तं? मग रीनाले कोण करते, तूच सांग."

रीना म्हणजे रेणूची थोरली बहीण, आणि अध्यक्षांचा भाचा तिचा होणारा नवरा. पत्रिका वाटून झाल्या होत्या. चंद्रकुमार माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. लेक खोटं बोलत असेल, असं तो स्वतःला गेले चार दिवस समजावत होता. आता अध्यक्षच सांगत होते की कडी काढ. लेक खोटं बोलत असती तर कडी काढायला कोणी कशाला सांगितलं असतं? एवढं त्याला समजत होतं. समजून त्याने पिशवीतून पेचकस काढला.

चार स्क्रू निघाले. भोकांत त्याने लाकडाचा भुसा आणि गोंद भरला, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, घासली, रंगाचा हात मारला. इतकं नामी काम मी त्याच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. मला त्याने पिशवीत टाकलं, रंध्याखाली.

गुरुवारी मी त्या पिशवीतच होते आणि पिशवी प्रयोगशाळेत चंद्रकुमारच्या पायाशी. दोन खुर्च्यांवर पुरुष, एकीवर बेबीबाई, आणि समोर रेणू उभी. भूपेंद्र सर बाजूला, हातात रुमाल. गिरजाबाईला बाहेर बसवलं होतं. बायका ओरडतात म्हणे.

"दार बंद राहे म्हणते. कायनं बंद राहे?" बेबीबाईंनी विचारलं.

"कडीनं."

"कुठं आहे कडी?"

रेणू दाराकडे गेली. तिने जागेवर हात फिरवला. पुन्हा फिरवला. बोटं रंगावरून घसरत होती. मी पिशवीत होते, तिच्यापासून चार पावलांवर, आणि लोखंडाला ओरडता येत नाही.

"होती," ती म्हणाली. "इथंच होती. बाबानंच लावली होती. बाबाले विचारा."

सगळ्यांनी चंद्रकुमारकडे पाहिलं. रेणूनेही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची काळजी एकदम उतरली होती, मित्रांनो. बाबा इथेच आहे, बाबाला माहीत आहे, आता झालं, असं तिला वाटलं. ते मी विसरू शकत नाही.

चंद्रकुमारने पिशवी पायाने जरा मागे सरकवली.

"नाही जी," तो म्हणाला. "म्या कोणतीच कडी नाही लावली."

रेणू नंतर एक शब्द बोलली नाही. बेबीबाईंनी विचारलं, अभ्यासात मागे पडलीस म्हणून तर हे रचलं नाही ना?  मुख्याध्यापकांनी कागदावर लिहिलं, तक्रारीत तथ्य आढळले नाही. मग भैय्यालालजी म्हणाले, लेकरू आहे, चुकलं, सरांच्या पाया पड आणि मोकळी हो. ती जागची हलेना, तेव्हा चंद्रकुमारने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली वाकवलं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्या मनात काही नाही, बेटा."

आठवड्याने रेणूचा शाळेतून दाखला काढला. ठरल्या दिवशी रीनाचं लग्न थाटात झालं. पाहुण्यांचा सत्कार झाला तेव्हा भूपेंद्र सरांना फेटा बांधला. रेणूला त्या दिवशी मागच्या खोलीत ठेवलं होतं, ताप आहे असं सांगून. गिरजाबाई मांडवात हसत होती आणि मागे येऊन भिंतीला डोकं टेकत होती. मी पिशवीत, खुंटीवर.

मला वाटलं होतं, आता मला भंगारात देतील. पण लग्नानंतर एक दिवस चंद्रकुमार अंगणात बैलबंडीचं जू घडवत होता. त्याने हाक दिली, "रेणू, पिशवीतली पटाशी आन वो." तिने पिशवीत हात घातला आणि तिच्या हाताला मी लागले.

तिने मला उजेडात धरलं. काळा रंग, आणि माझ्या टोकाला लागलेला शाळेच्या दाराचा निळा रंग. ती रडली नाही. पटाशी एका हातात आणि मी एका हातात, अशी ती बाहेर आली आणि दोन्ही त्याच्या पुढ्यात ठेवलं. चंद्रकुमारचे हात थांबले.

"हे माह्या खोलीले लावून द्या," ती म्हणाली. "आतून."

तो उठला आणि मागच्या खोलीच्या दाराला मला बसवू लागला. ज्याच्या हाताला गावात तोड नव्हती, त्याचा पहिला स्क्रू वाकडा गेला. दुसराही गेला. काम झाल्यावर रेणू आत आली आणि त्याच्या तोंडावर तिने मला सरकवलं. तेल नव्हतं, मी कर्कश वाजले.

तेव्हापासून मी इथे आहे. रेणू जेवायला आणि आईबरोबर तळ्यावर जायला बाहेर येते. बापाची चाहूल लागली की मी लागते. ज्या मुलीला मी कोंडून ठेवलं, ती आता माझ्याच आड बसते. हे सुख आहे की शिक्षा, मला ठरवता येत नाही.

काल संध्याकाळी चंद्रकुमार दारापाशी येऊन खाली बसला.  मग दाराला तोंड लावून म्हणाला, "रेणू, कडी होती. म्याच लावली होती, म्याच काढली. तू खरी होती, बाई."

चुलीपाशी गिरजाबाईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. कडी त्याने काढली हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

"मले मालूम आहे," रेणू आतून म्हणाली. "मले कायले सांगता? आता शाळेत डिंपलचा ज्यादा तास चालू झाला. त्या दाराले नवी कडी लावली म्हणते. मोहाडीले जाऊन पोलिसाले सांगा."

"रीनाचं सासर आहे ना, बेटा."



मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की आमची निगा राखा, तेलपाणी करा. मला तेल नको. मी करकरले तरच बरं. मला एवढंच सांगायचं आहे की तुमच्यासोबत कोणी असं वागलं तर सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा, १०९८ वर फोन करा. चूक तुमची नसते. आणि तुमच्या घरच्या मोठ्यांना हे वाचून दाखवा. कारण रेणूने सांगितलं होतं. योग्य वेळी, योग्य माणसांना, अगदी खरं सांगितलं होतं.

आज सकाळी गिरजाबाईने धुतलेलं लुगडं नेसलं, रेणूला हाताशी धरलं आणि चंद्रकुमारला म्हणाली, "चला, मोहाडीची बस येऊन राहिली. कडी लावणारा तुमी होता. तुमी सांगसान तं ऐकतीन."

मायलेकी घरासमोरच्या वडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. बस आली. कंडक्टरने दोनदा विचारलं, अजून कोणी आहे काय. त्या दोघी चढल्या आणि बस निघून गेली. चंद्रकुमार ओसरीवर बसला आहे, पायात चपला घालून.