पडायला शिकवलेला घोडा

मी एक जुना घोडा आहे. मित्रांनो, खरे तर उभे राहून तुमच्याशी बोलायला हवे, पण सध्या मी आडवा पडलो आहे आणि उठणे काही जमत नाही. माझ्याभोवती लोखंडी कुंपण आहे. कुंपणापलीकडे लोक उभे आहेत आणि ते टाळ्या वाजवत आहेत. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. पडणे हेच माझे काम होते आणि ते मी आयुष्यभर इमानेइतबारे केले.

रंगाने मी साधा तपकिरी. कपाळ कोरे, पाय कोरे, नजरेत भरावे असे अंगावर काहीच नाही. मला विकणारा माणूससुद्धा गिऱ्हाइकाला सांगे, "दिसायला यथातथाच आहे, पण स्वभावानं गरीब आहे हो." तेवढ्यावर मला एका माणसाने पसंत केले. तो सिनेमासाठी घोडे शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याच्या घरामागे पत्र्याची शेड होती आणि शेजारच्या सुताराकडून आणलेला लाकडाचा भुसा तिथे गुडघाभर पसरलेला असे. त्या भुशात मी माझी विद्या शिकलो.

विद्या सोपी होती. मास्तर माझ्या डाव्या खांद्यावर तळहात ठेवून दाबत. हात टेकला की गुडघे दुमडायचे, उजव्या कुशीवर पडायचे आणि पडून राहायचे. डोळे उघडे, पाय सैल. माशी बसली तरी कातडी थरथरवायची नाही. तो तळहात म्हणजे 'पड, आणि पडूनच राहा.' मग मास्तर माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणत, "झालं रे बाळा, ऊठ आता." ते शब्द ऐकल्याशिवाय उठायचे नाही. उठलो की गाजर मिळे. त्या घरात माझा डावा खांदा सोवळा होता. खरारा करताना मास्तर तेवढ्या जागी हात उलटा करून फिरवत. त्यांची लहान लेक लाडाने अंगाशी आली तरी आई स्वयंपाकघरातून ओरडे, "त्या बाजूनं नको गं, पडेल बिचारा."

मग तो सिनेमा आला. एका घोड्याच्या आयुष्याचा सिनेमा होता. एका कुटुंबात तो लहानाचा मोठा होतो, पुढे विकला जातो, नको ते हाल सोसतो आणि शेवटी म्हातारा होऊन त्याच घराच्या फाटकाशी येऊन पडतो. पडद्यावर घोडा एक, पण प्रत्यक्षात आम्ही चौघे होतो. लहानपणाला एक शिंगरू. दौडायला उंच पायांची एक घोडी. चेहरा दाखवायचा झाला की एक देखणा घोडा, त्याच्या कपाळावर जन्मतःच पांढरा शुभ्र चांद होता. त्याला सगळे साहेब म्हणत आणि तोही तसाच वागे. आणि चिखलात लोळायचे, उतारावरून कोसळायचे, मरायचे झाले की मी.

चौघे एकच दिसावेत म्हणून रंगभूषेच्या बाई रोज सकाळी माझ्या कपाळावर ब्रशने चांद काढत. "हलू नकोस रे," त्या म्हणत, "तुला जरा देखणा करतेय." संध्याकाळी त्या तो ओल्या फडक्याने पुसून टाकत आणि मी पुन्हा मी होई. दोन्ही मला आवडायचे.

शेवटच्या प्रसंगाला फाटकाशी मी पडलो. घरातल्या मुलीचे काम करणारी छोटी नटी धावत आली आणि माझ्या मानेला मिठी मारून रडू लागली. ती खरेच रडली. तिच्या नाकातले पाणीही माझ्या मानेवर आले, पण ते पडद्यावर दिसले नाही असे म्हणतात. कॅमेरा थांबला तरी दिव्यांची माणसे, चहा देणारा, सगळे डोळे पुसत होते. मी मात्र हललो नाही. मग मास्तर आले, कानाशी वाकले, आणि मी उठलो.

सिनेमा फार चालला. मास्तर घरच्यांना घेऊन बघायला गेले आणि रात्री शेडमध्ये येऊन मला सांगत बसले. "अख्खं थिएटर रडत होतं रे. आया पदर तोंडात घालून रडत होत्या, आणि बाप लोक खोकल्याचं निमित्त करत होते. तू मेलास ना, ते बघून." कौतुक झाले ते साहेबाचे. वर्तमानपत्रात त्याचा फोटो, भिंतीवर त्याचे पोस्टर, आणि म्हातारपणी त्याला एका हिरव्यागार कुरणात कायमची सुट्टी. मला वाईट वाटले का? थोडे वाटले, उगाच खोटे कशाला बोलू. पण मास्तर रोज हात उलटा करून माझा खांदा खाजवत, आणि मला तेवढे पुरत होते.

पुढे सिनेमात घोडे संगणकावरच काढू लागले. ते न शिकवता पडतात आणि त्यांना गाजरही लागत नाही. शेडमधले घोडे एकेक करून गेले. मास्तरांचे गुडघे गेले, बादली उचलवेना. शेवटी त्यांनी मला पाळणेवाल्याच्या हाती दिले. त्याचे एका बागेत आकाशपाळणे होते आणि मुलांना फेरी मारायला त्याला गरीब घोडा हवा होता. "डाव्या खांद्याला तेवढा हात लावू नका," मास्तरांनी त्याला बजावले, "आणि चुकून पडलाच, तर कानात सांगा, झालं रे बाळा, ऊठ आता." एवढे बोलून ते वळले ते मागे न बघता गेले. मी फाटकाकडे बघत राहिलो. जनावराला कोणी समजावून सांगत नाही, मित्रांनो. त्याला वाटत राहते की संध्याकाळी न्यायला येतील.

पाळणेवाला दुष्ट नव्हता. त्याला धंदा कळत होता, एवढेच. एकदा त्याने गंमत म्हणून माझा खांदा दाबला, मी पडलो, आणि बघणाऱ्या बायका हळहळल्या. झाले. दुसऱ्या दिवसापासून कुंपणावर फलक लागला, 'सिनेमातला घोडा, रोज संध्याकाळी.' लोक म्हणाले, त्याच्या कपाळावर तर चांद होता. मग पाळणेवाल्याने खडूची भुकटी पाण्यात कालवून चांद काढला. तो पुसायला कोणी नव्हते. फिकट झाला की त्यावरच नवा चढे. फेऱ्या, मग पडणे, मग टाळ्या. इथे भुसा नव्हता, टणक जमीन होती. माझी उजवी कूस सोलवटून निघाली, खूर वाढून वाकडे झाले, दात झिजले आणि गवत तोंडातून गळू लागले. "खूर कापणाऱ्याला बोलवायला हवं," असे पाळणेवाला अधूनमधून म्हणे. म्हणे, आणि विसरे.

एवढ्या वर्षांत मी एकाच गोष्टीची वाट पाहिली. मास्तर येतील आणि तोच आवाज पुन्हा कानाशी येईल. आणि मित्रांनो, ते आले. मागच्या थंडीत, लेकीचा हात धरून, जाड भिंगांचा चष्मा लावून ते कुंपणाशी येऊन उभे राहिले. मी तेव्हा पडलेला होतो. खेळ चालू होता.

पाळणेवाला खांदा दाबून, मला पाडून, पाळण्याकडे गेला होता. तिकिटाच्या खिडकीवर त्याचा मेहुणा होता, नवा आणि अनभिज्ञ. मास्तरांनी त्याला विचारले, "इथं एक घोडा होता. साधा तपकिरी, कपाळ कोरं."

"तसला कुठला नाही हो, आजोबा. हा एकच आहे, चांदवाला. सिनेमातला."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. कपाळाकडे पाहिले. "सिनेमातला साहेब तर केव्हाच गेला," ते लेकीला म्हणाले. "हा कुणीतरी तिसराच. पडायला मात्र झकास शिकवलंय कुणीतरी."

"बाबा, नीट बघा ना. आपलाच असेल," लेक म्हणाली.

"आपल्या घोड्याला चांद कुठं होता गं? आपला गेला असणार. वय झालं होतं त्याचं."

मी सगळे ऐकत होतो. एक कान हलवला असता, नुसता हुंकार दिला असता तरी त्यांनी ओळखले असते. पण कानात शब्द आले नव्हते, आणि त्याआधी हलायचे नाही हे मला त्यांनीच शिकवले होते. माशी बसली तरी नाही. मी उघड्या डोळ्यांनी त्यांचे बूट दूर जाताना पाहिले. जाताना त्यांनी पिशवीतून गाजर काढून मेहुण्याकडे दिले होते. "याला घाला. मेहनत करतो बिचारा." गाजराला त्यांच्या हाताचा वास होता. माझ्याने ते चाववले नाही.

तेव्हापासून माझे मन कशातच लागले नाही. आणि आज फेरी संपवून परत येत असताना माझे गुडघे आपोआप दुमडले. कोणी खांद्याला हात लावला नव्हता. खेळाची वेळही झाली नव्हती. तरी टाळ्या पडल्या.

कुंपणाशी एक बाई आपल्या छोट्या मुलीला घेऊन उभी होती. "मी तुझ्याएवढी असताना तो सिनेमा बघून घरभर रडले होते," ती सांगत होती. "घाबरू नकोस. तो उठतो. सिनेमात पण खरा मेला नव्हता."

"पण आई, कुणी हात लावलाच नव्हता त्याला," मुलगी म्हणाली.

"अगं, पाठ झालंय त्याला आता."

पाळणेवाल्याने कर्ण्यावरून सगळ्या बागेला ऐकू जाईल असे सांगितले, "झालं रे बाळा, ऊठ आता." शब्द तेच होते. मी पाय ताणून पाहिले. मग तो धावत आला, त्याने पुन्हा तेच सांगितले आणि बादलीभर पाणी माझ्या तोंडावर ओतले. पाण्याबरोबर खडू वाहून गेला. वर्षानुवर्षांचा थर होता तो. आता माझे कपाळ कोरे आहे. आज मास्तर आले असते तर त्यांनी लांबूनच ओळखले असते. पण ते आता कशाला येतील? त्यांच्या लेखी मी केव्हाच गेलो.

टाळ्या आता थांबल्या आहेत. मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. तुमच्या दारी, तुमच्या रस्त्यावर एखादे जनावर राबत असेल, तर त्याच्यासाठी नुसते रडू नका. रडण्याने माझे खूर कोणी कापले नाहीत. जवळ जा, त्याचे पाय बघा, पाठ बघा, ते का पडले हे विचारा. आणि ते उभे आहे तोवर जा.

ती बाई कुंपण ओलांडून आत आली आहे. ती माझ्याजवळ गुडघे टेकून बसली आहे आणि रडत आहे, लहानपणी रडली तशीच. "ऊठ रे," ती म्हणते आहे, "ऊठ राजा." फार माया आहे तिच्या आवाजात. मला धीर द्यायला तिने आपला तळहात माझ्या डाव्या खांद्यावर ठेवला आहे, आणि तो तिथेच घट्ट धरून ती बसली आहे.

मी पडून आहे. मला तसेच शिकवले आहे.