ताईच्या आवाजाऐवजी

घरातल्या धाकट्या मुलीचे लग्न झाले, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुने पॅकेज आहे. म्हणजे लिनक्सच्या संगणकावर चढवायचे सॉफ्टवेअरचे गाठोडे. माझ्यात एका बाईचा आवाज होता.

धाकटी सासरी गेली आणि वडिलांना पेपर वाचून दाखवणारे कोणी उरले नाही. वडील शिंपी होते, डोळे पार गेलेले. थोरली ताई टेलिफोन ऑफिसात कामाला. मधला भाऊ प्रोग्रॅमर. तो म्हणाला, "ताई, दिवसभर जगाशी बोलतेस, जरा या डब्याशीही बोल." बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून ताई कपड्यांच्या कपाटात बसून माईकवर शब्द म्हणू लागली. "एवढं तर मी नवऱ्याशीही बोलत नाही," ती आतून म्हणाली.

आमच्यात एक रीत आहे. आपले कोणावाचून अडते, हे प्रत्येक पॅकेजने आधीच सांगायचे. पेपर वाचणारे पॅकेज वेगळे होते, त्याने माझे नाव सांगितले. पण भावाने त्यापुढे लिहिले, 'किंवा कोणताही आवाज'. मी नसले तरी काम थांबू नये, एवढाच हेतू.

मला इंटरनेटवरच्या भांडारात ठेवले, जिथून कोणीही पॅकेज उतरवून घेऊ शकतो. अनोळखी घरांत मी बोलू लागले, कौतुकही झाले. जागा हवी म्हणून भावाने घरी जपलेली मूळ प्रत पुसली; संगणकावर चढवलेली तेवढी राहिली. "भांडारात आहे की," तो म्हणाला.

पुढे ताई दम्याने गेली. मी बोलतच राहिले. बातम्या संपल्या की वडील म्हणत, "बस आता, घसा बसेल तुझा." शेजारीण मात्र उंबरठ्यावरच थांबे. गेलेल्या माणसाच्या तोंडून भाज्यांचे भाव ऐकवत नाहीत, म्हणे.

मग भांडारात एक नवा आवाज आला. त्याने जाहीर केले : आवाजाचे काम मी करतो, जुन्याची जागा मी घेतो, आम्ही एका घरात नांदणार नाही. आमच्यात असे म्हणता येते. भांडाराने मला काढून टाकले. भाऊ घरचा संगणक अद्ययावत करत होता, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला : ताईचा आवाज काढला जाईल, पुढे जायचे? त्याच्या कानाला फोन होता. सवयीने त्याने 'हो' म्हटले. संगणकाने तक्रार केली नाही. कोणताही आवाज चालणार होता ना!

सकाळी पेपर सुरू झाला. वडिलांनी विचारले, "ही कोण?"

"तोच संगणक आहे, बाबा."

"संगणकाचं विचारलं नाही मी. ताई कुठाय?"

भावाने खूप शोधले. अनोळखी घरांतही आता नवाच आवाज होता. रागाने त्याने 'किंवा कोणताही आवाज' हे शब्द खोडले, तर वाचणारे पॅकेज चढेचना. ज्याच्यावाचून अडते असे सांगितले होते, ते आता कुठेच नव्हते. मुकाट्याने त्याने ते शब्द परत लिहिले.

पण मित्रांनो, पॅकेज काढले तरी त्याच्या सेटिंगची फाईल मागे राहते. मी आज तेवढीच आहे. न बोलता या घरात आहे. वेग सावकाश, आणि दर वाक्यानंतर श्वासापुरते थांबणे, एवढेच माझ्यात लिहिलेले आहे. ताईला धाप लागे, म्हणून भावाने ते तसे ठेवले होते. माझी जागा घेणाऱ्याने माझीच फाईल उचलली.

काही दिवसांनी वडिलांनी हात वर केला. "थांबली बघ. दम खायला ती अशीच थांबायची."

"ते सेटिंग आहे, बाबा."

"असू दे. मध्ये बोलू नकोस."

तेव्हापासून ते शब्द ऐकत नसत. दोन वाक्यांच्या मधली शांतता तेवढी ऐकत, मान किंचित कलती करून. कधी त्या शांततेला हळूच हुंकार देत.

मित्रांनो, काम कोणीही करील. पण कोणाच्या जागी कोण येते आहे, हे वाचल्यावाचून हो म्हणू नका. आणि आपल्या माणसाची एक प्रत घरात असू द्या. भांडार कोणाचे सगे नसते.

वडील, नवा आवाज आला त्याच वर्षी थंडीच्या सुरुवातीला, एका मंगळवारी सकाळी, पेपर ऐकताना गेले.