पुढच्या भागातली आई

"चूक!" आत्या एवढ्या जोरात ओरडली की तिच्या भावाच्या हातातला चहा बशीत सांडला.

पडद्यावर मालिकेतली आई स्वयंपाकघरातून बाहेर येत होती, आणि ती काल आत गेलेली बाई नव्हतीच. आत गेली होती ती उंच, सावळी, नाकावर ठसठशीत तीळ असलेली. बाहेर आली ती बुटकी आणि गोरी, तिळाचा पत्ता नाही. खालून एक ओळ सरकत गेली, की आजपासून ही भूमिका अमुक अमुक करतील. मालिकेतल्या नवऱ्याने मात्र पेपरातून डोकंही वर न काढता विचारलं, "झाला का चहा?"

"अरे, बायको बदलली तुझी!" आत्या टीव्हीला म्हणाली. "तीळ काय साबणाने धुतला का तिने?"

या घरात मालिका रडण्यासाठी कोणी बघत नसे. चुका पकडायला बघत. डाव्या हाताचं बँडेज उजव्या हाताला गेलं, अर्धा पेला पुन्हा काठोकाठ भरला, एकीचं बाळंतपण दोन उन्हाळे लांबलं, की "चूक!" म्हणून जो आधी ओरडेल तो जिंकला. नियम एकच होता. पुरावा दाखवायचा, नाहीतर गप्प बसायचं. मग भाग मागे घेतला जाई, चित्र थांबवलं जाई आणि ताटातलं जेवण निवेपर्यंत वाद चाले. घरचा कर्ता जळालेल्या मोटरी नव्याने गुंडाळून देई. हजार वेढ्यांतली एक तुटकी तार शोधण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि सगळा मोहल्ला त्याला मोटरवाला म्हणे. आत्या ही त्याची थोरली बहीण. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि आवाज अजून शाळेच्या घंटेसारखा. मोटरवाल्याची लेक औषधांच्या दुकानात होती, त्यामुळे मालिकेतल्या डॉक्टरांना तिच्यापुढे क्षमा नव्हती.

आणि चौथी नवी. मोटरवाल्याची दुसरी बायको. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे, पण हिची नवलाई कधीच विटली आणि नाव तेवढं चिकटून राहिलं. लेक रांगायचं सोडून नुकती बोलायला लागली तेव्हा पहिली गेली, आणि पुढच्याच वर्षी ही आली, एक ट्रंक आणि एक पायमशीन घेऊन. आता केस पांढरे झाले तरी ती गल्लीला नवीच होती. लेकीसाठी ती माई होती. 'आई' हा शब्द पहिलीच्या भिंतीवरच्या फोटोसाठी राखून ठेवलेला होता, आणि त्याबद्दल नवीने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

"यात चूक काय आहे?" नवी मशीनवरून म्हणाली. ती उशांचे अभ्रे शिवत होती. "खाली लिहिलंय की."

"लिहिलं म्हणून काय झालं? आयत्या बिळावर नागोबा! दोनशे भाग त्या बाईने मरमर काम केलं, आणि ही आली पदर खोचून."

"तिला बोलावलं म्हणून आली," नवी म्हणाली. "दुसरीच्या हातातला डाव घेऊन उभं राहायचं, दुसरीच्या पोरांना आपलं म्हणायचं, आणि वर सगळ्यांनी नाकावर तीळ शोधायचा. करून बघा एकदा."

लेक हसली. "माई, तू त्या नटीची नातेवाईक आहेस का गं?"

मोटरवाल्याने आवाज वाढवला. टीव्हीचा.

खरं तर नवीचं लक्ष मालिकेत नव्हतंच. रविवारी लेकीच्या सासरची माणसं यायची होती. लग्न पक्कं झालं होतं, दोघांनी आपसांतच जमवलेलं, पण दोन्ही घरं अजून एकत्र बसली नव्हती. सकाळीच आत्या म्हणाली होती, "सरळ सांगून टाकू, आई लहानपणीच गेली, पुढचं सगळं आम्ही केलं." त्या 'आम्ही'त आपण आहोत की नाही हे नवीला कळलं नव्हतं. पोरीला हिने वाढवलं, हे चारचौघांत कोणीतरी एकदा म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. लेक त्या घरी गेली की मग म्हणायला कोण उरणार होतं?

रविवारी माणसं आली. व्याही अबोल होते, पण बिस्किटांच्या बाबतीत उदार. विहीणबाई रोपांची बाग चालवायच्या. उन्हाने रापलेल्या, मोकळ्या बोलायच्या. दारातल्या कुंडीत बोट खुपसून त्या आधी म्हणाल्या, "हिला पाणी जास्त होतंय," आणि मग आत आल्या. नवीला त्या तिथल्या तिथे आवडल्या.

गप्पा रंगल्या. विहीणबाईंचं लक्ष लेकीच्या बोटाकडे गेलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. "हे काय गं?"

"मशीनची सुई गेली होती," लेक म्हणाली. "लहान असताना."

"अहो, ती कथाच आहे!" आत्या सरसावून बसली. "दुसरीत होती ही. मशीनशी खेळायला गेली आणि सुई नखातून आरपार. हिची आई काय धीराची बाई! चाक हाताने उलटं फिरवून सुई वर काढली, पोरीला उचललं आणि अनवाणी पळत दवाखाना गाठला. रस्त्यात काच लागली पायाला, पण तिने खाली बघितलं नाही. अशी आई होती हिची."

लेकीचे डोळे भरून आले. मोटरवाल्याने मान खाली घातली. विहीणबाईंनी हळहळून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

नवी चहाचा दुसरा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिच्या डाव्या तळपायाला त्या काचेचा व्रण अजून होता. थंडीत तो दुखायचा. पडद्यावरचा पेला अर्धा की भरलेला यावर तासन्‌तास भांडणारी ही माणसं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसायचं त्यांना.

"चूक," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी माना वळवल्या.

"अगं, ट्रे ठेव खाली," आत्या घाईने म्हणाली.

"ठेवते. पण चूक आहे ताई. पोर दुसरीत, म्हणजे सात वर्षांची. हिची आई गेली तेव्हा ही दोनाची होती. मेलेल्या बाईला पुढच्या भागात कसं आणलंत?"

व्याह्यांचं बिस्किट चहात पडलं.

"जाऊ दे ना," मोटरवाला पुटपुटला. "गोष्टच आहे ती एक. पाहुण्यांसमोर कशाला?"

"पाहुण्यांसमोरच. चूक त्यांच्यासमोर झाली."

"नाही माई," लेक म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "आत्याचं वर्ष चुकलं असेल. पण आईच होती ती. मला आठवतंय. तिने मला छातीशी धरलं होतं, तिचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मी 'आई, आई' म्हणून ओरडत होते. तुला मी कधी आई म्हटलंय का? सांग."

हा पुरावा पक्का होता. नवीला तो नाकारता आला नाही.

"नाही म्हटलंस," ती म्हणाली. "तेव्हाही तू तिलाच हाक मारत होतीस, सगळा रस्ता. पण ती कुठून येणार होती? ओ मी देत होते. 'आले, आले' म्हणत पळत होते. तुला घेऊनच पळत होते, तरी 'आले' म्हणत होते. आणि मशीन कोणाचं गं? या घरात मी यायच्या आधी सुईदोऱ्याचा डबासुद्धा नव्हता. विचार तुझ्या बापाला."

लेकीने बापाकडे पाहिलं. मोटरवाल्याने बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाला, "मशीन हिचंच."

आत्याने बशा गोळा केल्या. शेवटी विहीणबाई नवीकडे वळल्या. "तुम्ही उभ्या का? बसा की. मुलाच्या आईने मुलीच्या आईशी बोलायचं असतं, आणि मी इतका वेळ दुसऱ्यांशीच बोलतेय."

नवी बसली. आणि बसली ती आत्याच्या आणि मोटरवाल्याच्या मधल्या खुर्चीवर, जिथे ती पाहुणे असताना कधीच बसत नसे.

माणसं गेली. दार लागलं मात्र, लेक उसळली.

"काय मिळालं तुला? तिचं तेवढं एकच आठवत होतं मला. एकच! फोटोतली बाई माझ्याकडे कधी बघतसुद्धा नाही, कॅमेऱ्याकडे बघते. तिने मला उचललं होतं हे एवढंच माझ्याजवळ होतं. तेही काढून घेतलंस."

ही पोर नवीशी असं कधी बोलली नव्हती, आणि तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. एक क्षण वाटलं, म्हणून टाकावं, चुकलं माझं, तुझीच आई होती ती, मी म्हातारी झाले, विसरते. सगळं पूर्ववत झालं असतं.

"काढून घेतलं," ती म्हणाली. "माझं होतं ते."

"एक गोष्ट दिली असतीस तिला, तर काय बिघडलं असतं?"

"एक? सायकल मी शिकवली, ती तिच्या नावावर. कांजण्यांत तुझे हात धरून मी बसले, ते तिच्या नावावर. मी सगळं ऐकत होते गं, आत मशीन चालवत. लहान आहे, म्हटलं, असू दे. तू लहान होतीस तोवर असू दे म्हटलं. आता तू लग्न करून चाललीस. मेलेल्या माणसाशी माझं भांडण नाही. तिने माझं काही नेलं नाही. पण मी अजून जिवंत आहे, आणि या घरातली मीच पुसली जातेय."

आत्या कोपऱ्यातून म्हणाली, "मी काय करणार होते?" तिचा घंटेसारखा आवाज आज पार बसला होता. "पोर रोज विचारायची, आई काय करायची, आई कशी होती. मला काय ठाऊक? माझं आणि तिचं पटायचं नाही. शेवटचं वर्ष तर बोलणंच नव्हतं. मग ही जे करायची, ते तिच्या नावाने सांगत गेले. वाईट काय सांगितलं?"

नवीला तिची दयाच आली. पण ती थांबली नाही. ती मोटरवाल्याकडे वळली. तो नेहमीप्रमाणे एक जळकी मोटर पुढ्यात ओढून बसला होता, आणि कोणी बघत असेल तर आपण कामात आहोत अशा थाटात स्क्रू फिरवत होता.

"ठेवा ते खाली."

"आता मी काय केलं?"

"काहीच केलं नाहीत. एवढी वर्षं मूग गिळून बसलात. तुम्ही गप्प, म्हणून ताईंना माझ्यातलं कापून पोरीला द्यावं लागलं. तिची आई ताईंना ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे. द्या तिला तिची आई. खरी."

"तुला वाईट वाटेल म्हणून मी कधी..."

"वाटू दे. माझं मी बघते. बोला तुम्ही."

मोटरवाल्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. लेक भिंतीला टेकून उभी होती, तोंड फिरवून.

"ती शीळ घालायची," तो शेवटी म्हणाला.

लेकीने मान वळवली. "काय?"

"शीळ. तोंडाने. बायका घालत नसत तेव्हाची गोष्ट ही. कपडे वाळत घालताना, भांडी घासताना. मी पुढे दुकानात, आणि आवाजावरून मला कळायचं, आता ती गच्चीवर आहे, आता मोरीत आहे. गल्लीने तक्रार केली. तर बाई दुसऱ्या दिवशी दारातल्या ओट्यावर बसून घालायला लागली." तो हसला. "तू रडायला लागलीस की तुला ती उचलायची नाही. कंटाळा करायची उचलायचा. तिथूनच शीळ घालायची, आणि तू गप्प व्हायचीस. तोंडाचा चंबू करून तिच्याकडे बघत बसायचीस."

"कोणती चाल?" लेक कधी बापाच्या पायाशी येऊन बसली, कोणाला कळलं नाही.

मोटरवाल्याने ओठ जुळवले. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा दोन सूर निघाले, तिसरा घसरला.

"अशी नव्हती," आत्या एकदम म्हणाली. "शेवट खाली यायचा. मला आठवतंय ना, डोकं उठायचं माझं." आणि तिने ती गुणगुणून दाखवली. मोटरवाला म्हणाला, छे, एवढी संथ नव्हती. लेक म्हणाली, थांबा, पुन्हा म्हणा, पहिल्यापासून म्हणा.

नवी समोरच्या खुर्चीवर बसली होती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं असं हसणं ऐकलं नव्हतं. गाल वर गेले होते, डोळे बारीक झाले होते, आणि तो एक तरुण माणूस दिसत होता, जो तिला कधी भेटलाच नव्हता. दुखलं. चांगलंच दुखलं. पण तिने मागितलं होतं ते हेच, आणि आता मागे घ्यायची तिची तयारी नव्हती.

तिघं त्या चालीवरून भांडत होती. नवीला ती चाल माहीत नव्हती, तेव्हा या वादात तिला काही बोलता येत नव्हतं. नेहमी अशा वेळी ती आत जाऊन मशीनवर बसायची. आज ती उठली नाही. पाठ खुर्चीला टेकवली, हात मांडीवर ठेवले आणि त्या बाईची शीळ शेवटपर्यंत ऐकली.