इजाजत

रोशनबीने मोठ्या चाचीचा हात शाहीनच्या मानेवरून उचलला आणि चाचीच्याच मांडीवर नेऊन ठेवला.

“पोरीला स्वतःची मान हाय,” ती म्हणाली.

खोलीत तीसेक बायका दाटीने बसल्या होत्या. शाहीनचा मामा शहबाज कागद घेऊन जायला वळला होता, तो दारातच थांबला. या निकाहचा वकील तोच. दोन साक्षीदारांना घेऊन तो पोरीची इजाजत घ्यायला आत आला होता आणि बाहेर मांडवात मौलाना, नवरदेव आणि बारामतीहून आलेली वरात त्याची वाट बघत होती. त्याने एका दमात मुलाचं नाव, मुलाच्या बापाचं नाव, मेहेरची रक्कम, सगळं वाचून टाकलं होतं. “कबूल हाय का?” असं विचारलं. चाचीने सेहऱ्यासकट पोरीची मान खाली दाबली, बायकांनी “हां म्हणली, हां म्हणली” असा गलका केला आणि संपलं. कांद्याचा भाव विचारतानासुद्धा माणूस याहून जास्त वेळ थांबतो.

“काय झालं, आपा?” शहबाजने विचारलं.

“हां कोण म्हणलं?”

“सगळ्यांनी ऐकलं की.”

“मी तिला चिकटून बसलीय. मला न्हाय ऐकू आलं.”

रोशनबी उठली आणि थेट दारात जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. आठ दिवस ती आतल्या आत धुमसत होती. आठ दिवसांपूर्वी शाहीन कॉलेजातून परस्पर तिच्याकडे कळंबला आली होती. पोरगी बारामतीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हातातली बॅगही खाली न ठेवता म्हणाली, “फुफू, मला ह्यो पोरगा नको. लग्न झाल्यावर दवाखान्याचं नाव काढायचं न्हाय म्हणतोय. अब्बांना सांगितलं, तर म्हणले, शब्द गेलाय.” रोशनबी त्याच संध्याकाळी अंथुर्ण्याला शाहीनच्या बापाकडे, आपल्या भावाकडे गेली. भाऊ रसूल, डाळिंबाचा व्यापारी आणि मशिदीच्या कमिटीचा अध्यक्ष. त्याने तिच्यापुढे चहा ठेवला आणि लग्नाची कार्डं वाटून झाल्याचं सांगितलं.

हाच रसूल महिन्यापूर्वी मशिदीच्या जलशात, प्रवचनाला पहिल्या रांगेत बसून रडला होता. वक्त्याने मदिनेतल्या त्या बाईचा किस्सा सांगितला होता. बापाने न विचारता निकाह लावला, म्हणून ती हुजूरांकडे, पैगंबरांकडे गेली आणि हुजूरांनी तो निकाह रद्द केला. रसूलने रुमालाने डोळे पुसले होते, दोनदा ‘सुब्हानल्लाह’ म्हटलं होतं. बायकांच्या पडद्याआडून रोशनबीने ते सगळं पाहिलं होतं. चौदाशे वर्षांपूर्वीच्या पोरीसाठी याला रडू येतं आणि घरातली पोर रडते तेव्हा याला कार्डं आठवतात, या विचाराने तिची तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“आपा, किताबात लिवलंय,” शहबाज समजुतीने म्हणाला. “कुवारी पोरगी गप बसली, तर त्योच होकार.”

“मला किताब नको शिकवू. वीस वर्सं वसरीवर बसून गावच्या पोरींना कुराण शिकवलंय मी. लाजून गप बसती त्या पोरीचं लिवलंय ते. मान दाबून गप बसवलेल्या पोरीचं कुठं लिवलंय, दाखीव मला.”

दोन साक्षीदारांपैकी एकाने चप्पल शोधायला सुरुवात केली. बायकांत कुजबुज सुरू झाली. रोशनबीची लेक जैतून, सहा वर्षांपूर्वी इंदापूरला दिलेली, दोन वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. ती आईकडे टक लावून बघत होती. बाकी सगळ्यांचं लक्ष शाहीनकडे होतं. सेहऱ्याच्या फुलांआड तिचे खांदे हलत होते.

तेवढ्यात रसूल आला. नव्या शेरवानीत त्याला घाम फुटला होता.

“बाजूला हो, आपा. चारशे माणूस बसलंय बाहेर.”

“त्यांना बिर्याणी वाढ. निकाह त्यांचा न्हाय.”

“माझ्या अब्रूचा इचार कर जरा!”

“आठ दिवस तुझ्याच अब्रूचा इचार केला. आज तिचा करू.”

“मी काय वैरी हाय का तिचा?” रसूल ओरडला. “घर चांगलं बघून देतोय. तिला आज काय कळतंय? उद्या सुखात राहील, तवा माझंच नाव घील.”

“मग तिला तोंडानं म्हणू दे. एवढी खात्री हाय, तर भितोस कशाला?”

रसूलचा चेहरा लालबुंद झाला. तो पुढे सरकला. रोशनबीने चौकट दोन्ही हातांनी धरली. धाकट्या भावाने हात उगारला असता, तर तिने त्याच्या मुस्काटात भडकावली असती. तेवढा राग तिच्यात होता.

आवाज ऐकून मौलाना आले. इंदापूरचे, जेमतेम तिशीचे. नजर खाली ठेवून ते उंबऱ्याबाहेरच थांबले. रोशनबीने त्यांना तीन वाक्यांत सगळं सांगितलं. मांडवातून कोणीतरी “किती उशीर?” असं ओरडलं.

“मी परत विचारतो,” मौलाना म्हणाले. “कुणी तिला हात लावू नका. कुणी मध्ये बोलू नका.”

त्यांनी सावकाश नाव घेतलं, मेहेर सांगितला, प्रश्न विचारला. आणि थांबले.

“न्हाय,” शाहीन म्हणाली.

“बेटा, मला नीट ऐकू आलं नाही.”

शाहीनने सेहरा वर केला. काजळ गालभर पसरलं होतं.

“न्हाय. मला कबूल न्हाय.”

ते बाहेर मांडवातही ऐकू गेलं.

त्यानंतर अर्धा तास नुसता गोंधळ होता. मौलानांनी रजिस्टर मिटलं. मुलाच्या बापाने नको ते शब्द काढले, वरातीच्या गाड्या धूळ उडवत बारामतीच्या रस्त्याला लागल्या, बिर्याणीच्या डेगा तशाच झाकलेल्या राहिल्या. रसूल परत खोलीत आला, तेव्हा त्याच्या गळ्यात हार तसाच होता.

“आजपासून तू माझी बहीण न्हाईस,” तो म्हणाला.

“चालंल.”

तो गेला. शाहीनच्या मैत्रिणी तिला तोंड धुवायला न्हाणीकडे घेऊन गेल्या, बायकाही पांगल्या. रोशनबी घटाघटा पाणी प्यायली. तिचा राग उतरला नव्हता, पण आता त्यात तिला बरं वाटत होतं. कोणीतरी आणखी एक शब्द बोलायला हवा होता, तिची तयारी होती.

“अम्मी.”

जैतून अजून भिंतीपाशीच होती. पोर खांद्यावर झोपलं होतं.

“बघितलंस ना तुझ्या मामूला?” रोशनबी म्हणाली. “मान दाबून होकार घेतात. म्हणं मुसलमान.”

“माझ्या येळंला हात तुझा व्हता, अम्मी.”

रोशनबीने तांब्या खाली ठेवला.

“काहीतरीच काय. तवा रीतच व्हती तशी. आन तुला काय आमी वाऱ्यावर सोडलं? घर चांगलं बघून...”

पुढचे शब्द तिच्या तोंडातच राहिले. तेच शब्द नुकतेच तिने दारात उभं राहून रसूलकडून ऐकले होते. जैतूनच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच रोशनबीला सोसेना. सगळी दुपार जो संताप ती भावावर काढत आली होती, तो अजून तसाच होता. फक्त आता त्याला जायला दुसरीकडे जागा नव्हती.

ती लेकीसमोर सतरंजीवर खाली बसली.

“आज इचारू?”

“सहा वर्सांनी?”

“व्हय. सहा वर्सांनी. कबूल हाय का तुला ते घर? खरं सांग.”

जैतूनने पोराला हळूच सतरंजीवर निजवलं. मग उठून तिने दाराला आतून कडी घातली.