दाटीतली वाट

रुमाना पुण्याहून घोडेगावला आली ती सुट्टीला नव्हे, पळून. तिच्या पीएचडीच्या सरांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत कबूल कर, तारांची जोडणी कच्ची होती, नमुना बाद. हो म्हटलं की पदवी सुखरूप. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं तिलाही वाटत होतं.

नमुना म्हणजे ग्राफीन, कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. त्यात तिनं विजेसाठी एक अरुंद खिंड कोरली होती. तार तापली की विजेला अडथळा वाढतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. ह्या बयेचा नमुना तापवला की अडथळा घटायचा! सरांना ते पटेना.

बाजारात तिचा बाप बाबाजान शेळ्या टेम्पोत चढवत होता. एक उतावळी शेळी आधीच सुटली, दाराच्या ह्या दांडीला धडकली, मग त्या. बाकीचा कळप बाबाजाननं फळीपुढं दाटू दिला, मगच वाट सोडली. कडेच्या रखडल्या, मधल्या एकमेकींच्या रेट्यानं सरळ आत.

"अब्बा, माझे इलेक्ट्रॉन असंच करतात. तापले की आपसातच ढकलाढकली करतात, मग कडेला धडकणारे थोडेच, म्हणून अडथळा घटतो."

"शेळ्यास्नी अक्कल अस्ती," बाबाजान म्हणाला. सरांचं म्हणणं तिनं आल्या आल्या सांगितलं होतं, म्हणून त्यानं विचारलं, "जोडताना तुझा हात हालला व्हता का?"

"नाही. पुन्हा पुन्हा तपासलंय."

"मंग व्हय कशाला म्हनतीस?"

तिला राग आला, बापाचा नव्हे, स्वतःचा. टेम्पोच्या आडोशाला जाऊन तिनं फोन लावला. "सर, जोडणी पक्की आहे. नमुना बाद करणार नाही."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "ठीक. मग पदवीच्या समितीपुढं एकटीच उभी राहा. माझं नाव ह्या निकालावर नको," म्हणाले आणि फोन ठेवला.

तिनं प्रयोगशाळेतल्या सोबत्यांना तसं कळवलं. कुणीतरी फोन करेल म्हणून ती थोडी थांबली. कुणीच केला नाही.

"अब्बा, आता माझ्यासोबत कुणी नाही."

बाबाजान फळी उचलत होता. टेम्पोच्या कोपऱ्यात मघाची उतावळी शेळी पाला खात उभी होती.

"एकटी धडकती," तो म्हणाला. "पन चढती."