सतरा वर्षं कोरी

मित्रांनो, माझ्या पिवळ्या पडलेल्या कडा पाहून तुम्ही मला म्हातारी म्हणाल. खुशाल म्हणा, मला राग नाही. मी तिसरीच्या गणिताची जुनी सरावपुस्तिका आहे. एकशे चाळीस पानं, बाजूला तारेची गुंडाळी आणि मुखपृष्ठावर दाणे मोजणारी एक खार. माझ्या पानापानावर गणितं आहेत आणि प्रत्येक गणिताखाली एक रिकामी रेघ आहे. त्या रेघेवर कुणीतरी उत्तर लिहावं, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. पण त्या रेघेला पेन्सिल लागायला सतरा वर्षं जावी लागली.

अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका लहानशा छापखान्यातून मी गठ्ठ्याने एका चर्चच्या शाळेत गेले. शाळेत मुलं थोडी होती, ती आणखी थोडी झाली आणि शेवटी शाळेला कुलूप लागलं. मी सहा वर्षं कपाटात पडून राहिले. खालच्या फळीवरच्या माझ्या बहिणी उंदरांनी फस्त केल्या. मी वरच्या फळीवर होते, म्हणून वाचले.

मग एका मे महिन्यात मला चर्चच्या तळघरात एका घडीच्या टेबलावर मांडलं. घरीच मुलांना शिकवणाऱ्या आयांचा जुन्या पुस्तकांचा बाजार तिथे दरवर्षी भरायचा. एका कोपऱ्यात कॉफी उकळत असायची, टेबलांखाली मुलं रांगत असायची आणि बाया बायबलच्या गोष्टी, भूगोल, विज्ञान अशी पुस्तकं उलटून पाहत असायच्या. तिथे लोइस ब्रुबेकरने मला उचललं. तिने माझं एकेक पान दिव्यासमोर तिरकं धरून पाहिलं. पेन्सिलीने लिहिलेलं खोडून पुस्तक नवं म्हणून विकणारेही असतात ना! पण अक्षराचा खड्डा काही लपत नाही. माझ्या अंगावर एकही खड्डा नव्हता. लोइसला एवढा आनंद झाला, की अर्ध्या डॉलरला मला घेऊन ती घरी जाताना गाडीत स्तोत्र गात होती.

मला वाटलं, आता माझे दिवस फिरले. फिरले खरे, पण मला वाटलं तसे नाही.

लोइसला तेव्हा चार मुलं होती आणि पाचवं पोटात होतं. तिचा नवरा मर्ल दुधाचा टँकर चालवायचा. मुलांना देवाच्या वचनात आणि आपल्या डोळ्यांसमोर वाढवायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. ठरवणं सोपं होतं. पण दरवर्षी प्रत्येक मुलाला नवी पुस्तकं आणायची म्हणजे त्यांच्या आवाक्याबाहेरचं काम होतं. म्हणून त्या घरात एक नियम होता आणि तो बायबलमधल्या दहा आज्ञांच्या खालोखाल पाळला जायचा. पुस्तकात कुणी लिहायचं नाही.

त्यासाठी लोइसने एक युक्ती काढली होती. माझ्या पानावर ती प्लास्टिकचा पारदर्शक कागद ठेवायची आणि त्याला चिमटा लावायची. मूल मेणाच्या खडूने त्या कागदावर उत्तर लिहायचं. लोइस ते उत्तरांच्या पुस्तिकेशी ताडून पाहायची आणि मग मर्लचा एक जोडीदार हरवलेला मोजा हातात चढवून सगळं पुसून टाकायची. की झालं पान पुन्हा कोरं!

मित्रांनो, तुम्हाला म्हणून सांगते, त्या मोज्याचा मला फार राग यायचा. थोरली मिरियम माझ्यावर शिकली. मग सायलस, मग केलेब, मग जोआना. हजारो उत्तरं माझ्या अंगावरून गेली, पण माझ्यापर्यंत एकही पोहोचलं नाही. पाहुणे आले की लोइस मला हातात धरून दाखवायची. चार मुलं शिकली, पण कुठे डाग आहे का बघा, म्हणायची. सगळे तोंडात बोट घालायचे. स्तुती मलाही आवडते, खोटं कशाला बोलू? पण जेवणाच्या ताटाला कायम काचेच्या कपाटात ठेवावं, तशी माझी गत झाली होती.

मग आली पाचवी, तिर्झा.

तिर्झा हाताने हुशार होती. कोंबडी अंड्यावर बसणार की नाही, हे ती नुसतं बघून सांगायची. आईकडून ऐकून ऐकून तिला वीस स्तोत्रं तोंडपाठ होती. पण छापील अक्षर समोर आलं की तिला घाम फुटायचा. सहा वर्षांची असताना, लोइस आजारी होती म्हणून, तिला चार महिने गावच्या शाळेत घातलं होतं. ती वाचायला उभी राहिली की मुलं हसायची. चार महिन्यांनी तिने घरीसुद्धा बोलणं सोडलं. लोइस अंथरुणातून उठली आणि तिने पोरीला घरी आणलं. तिर्झाचा आवाज परत यायला पुढचा वसंत उजाडावा लागला. तेव्हापासून लोइसने मनाशी गाठ बांधली होती, की हिला पुन्हा तिथे पाठवायचं नाही.

तिर्झा नऊ वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात मर्लला पेनसिल्व्हेनियात काम मिळालं आणि आम्ही सगळे तिकडे गेलो. मीही गेले, दोन उशांच्या मध्ये.

इंडियानात घरी शिकणाऱ्या मुलांची वही कुणी मागत नसे. नव्या राज्यात तसं नव्हतं. तिथे वर्षाच्या शेवटी एक परवानाधारक शिक्षिका मुलाला भेटते आणि त्याच्या कामाचे नमुने पाहते. जूनअखेर तिची सही झाली नाही, तर मुलाचं घरचं शिक्षण अडचणीत येतं आणि शाळेचा रस्ता धरावा लागतो. लोइसने नियम वाचले होते. कुठल्या दिवशी काय शिकवलं, याची नोंदवही तिने तारीखवार लिहिली होती. नोंदवही आणि मी, एवढं पुष्कळ झालं, असं तिला वाटलं.

नऊ जूनला क्रेब्सबाई आल्या. त्या चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा आणि हातात लाल पेन. मिरियम आणि सायलसचं शिक्षण संपलं होतं. केलेब आणि जोआना मोठे होते, त्यांचे निबंध वह्यांत होते. बाईंनी त्यांच्या कागदांवर झटपट सह्या केल्या. मग तिर्झाची पाळी आली. तिची पक्ष्यांची चित्रं पाहून बाई खूश झाल्या. वाचायला दिलं तेव्हा तिर्झा दुसऱ्याच ओळीत अडकली आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली.

“गणिताचं काय केलंय?” बाईंनी विचारलं.

लोइसने मला मोठ्या ऐटीत पुढे केलं. बाईंनी पहिलं पान उघडलं. मग दहावं. मग पन्नासावं. मग एकदम शेवटचं.

“हे कोरं आहे,” त्या म्हणाल्या.

“कोरंच ठेवते मी,” लोइस म्हणाली, “तिने सगळं केलंय, बाई. मी पुसलंय.”

तिने मोजा दाखवला. मी इतकी वर्षं मिरवलेलं कोरेपण त्या क्षणी मला नको नकोसं झालं.

क्रेब्सबाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, की तुम्ही खोटं बोलत नाही हे मला दिसतंय, पण कोऱ्या पानावर मी सही कशी करू? सत्तावीस तारखेला त्या परत येणार होत्या. सुरुवातीची, मधली आणि शेवटची मिळून थोडी पानं तिने स्वतः लिहिलेली दाखवा, म्हणाल्या. आणि ती काय लिहिते ते तिला कळतं, हेही मला दिसू दे.

दुसऱ्या दिवशी वर्ना आली. ती नव्या चर्चमधली लोइसची मैत्रीण. शरद ऋतूत मी वर्नाच्या जुळ्या मुलांकडे जाणार, असं लोइसने तिला कबूल केलं होतं. सगळं ऐकून वर्ना म्हणाली, “तुझ्या त्या मोज्याने घात केला बघ. अगं, एवढं काय त्यात? दोघी बसा, पानं भरा आणि वर सप्टेंबर, जानेवारी अशा तारखा टाका. कोण येतंय बघायला?”

“सकाळी तिच्याबरोबर प्रार्थना करायची आणि दुपारी तिच्याकडून खोटी तारीख लिहून घ्यायची?” लोइस म्हणाली. “मग घरी ठेवून मी तिला शिकवलं काय?”

वर्ना म्हणाली, की माझ्या जुळ्यांचं मी बघेन, तू पुस्तकाची काळजी करू नकोस.

तरी लोइसचा हात धजेना. तिने माझं पहिलं पान उघडलं, पेन्सिल तासली आणि ती तशीच हातात धरून बसली. इतक्या वर्षांचा नियम तिला मोडायचा होता. मर्ल दुपारचा घरी आला होता, तो दारात बूट काढता काढता म्हणाला, “अगं, पोरीसाठी घेतलं होतंस ना ते? मग दे की तिला.”

लोइसने पेन्सिल तिर्झाला दिली.

आता खरी पंचाईत झाली ती तिर्झाची. प्लास्टिकवर चुकलं तर मोजा फिरायचा आणि चूक नाहीशी व्हायची. कागदावर चूक राहते. पहिल्याच गणिताला तिने सात उलटा काढला आणि ती रडायला लागली. तिला तिचा प्लास्टिकचा कागद हवा होता. लोइस म्हणाली, “राहू दे तो तसाच. शेजारी दुसरा काढ.” तिने दुसरा काढला. तो सुलटा होता.

मित्रांनो, तो उलटा सात अजून माझ्या पहिल्या पानावर आहे. पेन्सिलीचं टोक कागदात रुतलं तेव्हा मला काय वाटलं, ते मी सांगत बसत नाही. सतरा वर्षं वाट पाहिली होती मी.

मग एक गंमत झाली. सप्टेंबरात याच पहिल्या पानाला तिर्झाला आठवडा लागला होता. आता ते दहा मिनिटांत संपलं. तिने पान उलटलं, मग परत मागे आली आणि आपणच लिहिलेलं बघत बसली. आपण किती पुढे आलो, हे तिला आजवर कधी दिसलंच नव्हतं. कसं दिसणार? रोज संध्याकाळी सगळं पुसलं जायचं. बाईंनी थोडीच पानं मागितली होती, पण तिर्झा म्हणाली, की मी सगळं पुस्तक करणार. आणि ती जी बसली, ती बसलीच. रोज दहा पानं. मधले दोन रविवार आले. दिवस थोडे उरले होते तरी रविवारी लोइसने मला उघडू दिलं नाही, देवाचा वार तो देवाचा. सोमवारी तिर्झा पहाटेच स्वयंपाकघरात येऊन बसली. प्रत्येक पानावर तिने जूनची तारीख घातली, जी होती ती.

सत्तावीस तारखेला क्रेब्सबाई आल्या. त्यांनी मला हातात घेतलं. मी फुगले होते, कोपरे मळले होते, एका पानावर जॅमचा डागही होता.

“सगळं जूनमधलं?” बाईंनी विचारलं.

“सगळं जूनमधलं,” लोइस म्हणाली.

बाई पान पान बघत गेल्या. त्रेसष्टाव्या पानावर थांबल्या. तिथे एका गणिताखालची रेघ रिकामी होती आणि बाजूला समासात काहीतरी खरडलं होतं. लोइसने उत्तरांची पुस्तिका उघडली. तीत उत्तर होतं सात.

“हे का सोडलंस?” बाईंनी तिर्झाला विचारलं. “वाच बघू मला.”

तिर्झाने बोट ठेवलं आणि एकेक शब्द उचलत वाचायला लागली. वेळ लागला, पण कुणी मध्ये बोललं नाही. एका शेतकऱ्याकडे चोवीस कोंबड्या होत्या. त्याने बाजारात एकतीस कोंबड्या विकल्या. तर त्याच्याकडे किती उरल्या?

“चोवीसच आहेत त्याच्याकडे,” तिर्झा म्हणाली. “एकतीस कशा विकेल? कुणाच्या तरी चोरल्या असतील त्याने.”

मित्रांनो, आता कबूल करते. ती चूक माझी होती. छापखान्यात दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. माझं कोरं अंग सगळ्यांना दिसलं, पण पोटातली चूक कुणालाच दिसली नाही. मिरियम, सायलस, केलेब, जोआना, चौघंही वाचण्यात पटाईत. मोठ्यातून लहान वजा करून चौघांनी सात लिहिलं आणि पुढचं गणित धरलं. एकेक शब्द उचलणारीच तिथे थांबली.

“जानेवारीतही मी हेच लिहिलं होतं,” तिर्झा आईला म्हणाली. “तू चूक म्हणालीस आणि पुसलंस.”

लोइसने उत्तरांची पुस्तिका मिटली. तिचे डोळे भरून आले होते. “चूक माझी होती, तिर्झा,” ती म्हणाली, सगळ्यांसमोर. “तुझं बरोबर होतं.”

क्रेब्सबाईंनी चष्मा पुसला. “चाळीस वर्षांत मी असली किती गणितं तपासली असतील,” त्या म्हणाल्या, “आणि किती पोरांना सात म्हणून बरोबरची खूण दिली असेल, देव जाणे.” त्यांनी लाल पेन काढलं, त्रेसष्टाव्या पानावर एक मोठी खूण केली आणि मग कागदावर सही केली. तिर्झा घरीच शिकणार होती. मर्लने तिला उचलून टँकरच्या आसनावर बसवलं आणि तिने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतका भोंगा वाजवला.

आता मी ब्रुबेकरांच्या फळीवर, त्या वर्षाच्या कागदांच्या पेटीत असते. मला आता कुणी विकत घेणार नाही. वर्नाच्या जुळ्यांना दुसरीकडून पुस्तक मिळालं, आणि लोइसने वर्नाला बजावलं आहे, की पैसे वाचवायचे तर जुन्या वह्यांची उरलेली पानं शिवून दे, पण मुलांचं लिहिलेलं पुसू नकोस.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी पुस्तकं असतील. त्यांना जपा, त्यांच्यावर ओले पेले ठेवू नका, धाकट्या भावंडांच्या हाती जातील अशी ती राखा. पण ज्या रेघेवर लिहायचं आहे तिथे लिहा. चुकलं तर खोडून लपवू नका, शेजारी नीट लिहा. आणि छापलेलं पटलं नाही, तर तेही समासात लिहा. मला वाईट वाटणार नाही. माझी चूक पकडणारी पोर मला सतरा वर्षांनी भेटली, आणि तिच्या हातचं अक्षर माझ्या अंगावर आहे.